विद्येचे माप

धान्य पूर्वी पायलीने मोजीत, कापूस खंडीने मोजीत, आणि आता दोन्ही क्विंटलने मोजतात. परंतु विद्या कशाने मोजावी याविषयी लोकांचे एकमत झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पाठशाळेत शास्त्रीबुवांसमोर विद्यार्थी वाद करी आणि जाणते मान डोलावीत, हे एके काळचे माप. पुढे परीक्षा आल्या, वर्ग आले, पदव्या आल्या. हल्ली अध्यापकाची विद्या गुणांच्या बेरजेने मोजतात. हे माप योग्य की अयोग्य, हा वाद आम्ही बरीच वर्षे लांबून ऐकत होतो व आपला त्याच्याशी फारसा संबंध नाही असे मानून स्वस्थ होतो. गेल्या उन्हाळ्यात तो दोन फाइलींच्या रूपाने आमच्याच पुढ्यात येऊन पडला. आणि त्या दिवशी आमच्या हातून जे घडले त्याचा हिशेब लिहून काढल्यावाचून आम्हांस चैन पडेना, म्हणून हा लेख.

प्रसंग तसा लहान. अकोला जिल्ह्यातील एका महाविद्यालयात गणिताचा एक अध्यापक तासिका तत्त्वावर नेमावयाचा होता, आणि बाहेरचा विषयतज्ज्ञ म्हणून आम्हांस अमरावतीहून बोलाविले होते. तासिका तत्त्व म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी कोणी प्राध्यापकीच्या वाटेवर आहे त्यांना सांगावयास नको. इतरांसाठी एवढेच की, जितके तास शिकवावे तितक्यांचेच पैसे मिळावेत, सुटीचे मिळू नयेत, आणि पुढील वर्षी आपण येथे असू की नाही हे वर्ष उजाडेपर्यंत कळू नये, अशी ही नोकरी होय. तरीही तिच्यासाठी अर्ज येतात, आणि चांगल्या माणसांचे येतात. छाननीअंती दोघे उरले. संस्थेने केलेल्या तक्त्यात पदव्यांचे गुण, अनुभवाचे गुण, छापून आलेल्या निबंधांचे गुण अशी बेरीज मांडली होती. ती दोघांचीही नेमकी ६१ भरली.

एकाचे निबंध सहा, शिकविण्याचा अनुभव थोडा. दुसऱ्याचा अनुभव नऊ वर्षांचा, निबंध एक. आम्ही दोघांनाही एकच प्रश्न विचारला. दोन सममित सारण्यांची, म्हणजे वर्गातल्या भाषेत मॅट्रिक्सची, आयगेन मूल्ये तंतोतंत सारखी निघाली, तर त्या सारण्या एकच मानाव्यात काय? पहिल्याने तत्काळ "होय सर" असे उत्तर दिले व पुस्तकातला सिद्धांत न अडखळता म्हणून दाखविला. दुसरा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "एकच म्हणजे कोणत्या अर्थाने, सर?" मग तो फळ्याकडे पाहू लागला, खडू मागावा की नाही, या विचारात असावा. इतक्यात त्याची दहा मिनिटे संपली. बेरीज समान आहे, तेव्हा ज्याचे निबंध अधिक त्यास घ्यावे, असे एक सभासद म्हणाले. बाहेर ऊन अकोल्याचे होते, भोजनाची वेळ टळून गेली होती. आम्ही मान हलविली. विषयतज्ज्ञाने मान हलविली म्हणजे विषय मिटतो.

परतीच्या गाडीत वेळ जावा म्हणून आम्ही पिशवीतून दोघांच्या निबंधांच्या प्रती काढल्या. पहिल्याच्या पहिल्या निबंधात पदवीच्या दुसऱ्या वर्षी शिकवितात तो सिद्धांत नव्या चिन्हांत लिहिलेला होता, आणि सिद्धतेत चूक होती. पुढचे दोन बहुतांशी एकमेकांच्या नकला होत्या. उरलेल्या तिहींविषयी न बोलणे बरे. दुसऱ्याचा निबंध अवघा चार पानांचा. विषय श्रीखंडे यांचे सोळा बिंदूंचे जाळे. त्यात एक बारीकसे निरीक्षण होते. लहान, परंतु स्वच्छ, बरोबर, आणि त्याचे स्वतःचे. मूर्तिजापूर गेले तेव्हा आमच्या ध्यानात आले की, आम्ही विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर ह्या चार पानांतच होते, आणि तो मनुष्य त्याकरिताच खडू शोधीत होता. आम्ही त्या फाइलींतील निबंध मोजले होते, वाचले नव्हते.

श्रीखंडे हे नाव वऱ्हाडात घरोघर माहीत असावयास हवे होते. तसे ते नाही, म्हणून चार शब्द सांगणे प्राप्त आहे. शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१७ रोजी सागर येथे झाला. त्या काळी सागर आणि अमरावती-अकोला ही एकाच मध्यप्रांत-वऱ्हाडच्या छत्राखाली होती, आणि राजधानी नागपूर. श्रीखंडे शिकले नागपूरच्या शासकीय विज्ञान महाविद्यालयात, आणि पुढे तेथेच त्यांनी शिकविलेही. नागपूर विद्यापीठ १९२३ चे. आमच्या अमरावतीचे विद्यापीठ १९८३ मध्ये निघेपर्यंत वऱ्हाडातल्या आम्हा सर्वांच्या पदव्यांवर त्याचीच मोहोर असे. त्या अर्थाने श्रीखंडे आमचेच म्हणावयास हरकत नाही. १९५० मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात राजचंद्र बोस यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. मिळविली. हे बोसही जन्माने नर्मदाकाठच्या होशंगाबादचे. पुढे श्रीखंडे काही काळ बनारस हिंदू विद्यापीठात होते, आणि १९६३ पासून १९७८ मध्ये निवृत्त होईपर्यंत मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख. २१ एप्रिल २०२० रोजी, वयाच्या १०३ व्या वर्षात, विजयवाडा येथे त्यांचे निधन झाले.

ज्या गोष्टीने त्यांचे नाव जगभर झाले ती पुष्कळांनी ऐकली असेल. ऑयलर या थोर गणितज्ञाने १७८२ मध्ये एक कोडे मांडले. सहा पलटणींतून सहा निरनिराळ्या हुद्द्यांचे, असे एकूण ३६ अधिकारी सहा बाय सहाच्या चौरसात उभे करावयाचे. मात्र प्रत्येक रांगेत आणि प्रत्येक ओळीत प्रत्येक पलटण एकदाच यावी व प्रत्येक हुद्दाही एकदाच यावा. त्यास ते जमले नाही. ६, १०, १४, १८ अशा, चाराने भागून दोन उरणाऱ्या कोणत्याही आकारात ते जमणार नाही, असे त्याने भाकीत केले. सहाविषयी तो बरोबर होता; ते १९०० च्या सुमारास तारी याने एकेक शक्यता तपासून दाखविले. बाकीच्यांविषयी १७७ वर्षे लोक ऑयलरच्या शब्दावर चालले. मधल्या काळात काहींनी सिद्धताही छापल्या, आणि त्या चुकीच्या निघाल्या. एका गणकयंत्राने दहाच्या चौरसाचा शंभराहून अधिक तास शोध घेतला, तोही निष्फळ. अखेर १९५९ मध्ये बोस व श्रीखंडे यांनी २२ च्या आकाराचा चौरस उभा केला, पार्कर यांनी १० चा, आणि तिघांनी मिळून दाखविले की, २ आणि ६ हे दोन अपवाद सोडले तर ऑयलर सर्वत्र चुकला होता. २६ एप्रिल १९५९ च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही वार्ता पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे तेव्हा ४१ वर्षांचे होते.

आता एक गंमत पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत संशोधनगुणांचे जे कोष्टक आहे, त्यात विज्ञानशाखेच्या एका निबंधास मूळ गुण ८. लेखक दोहोंपेक्षा अधिक असतील तर प्रमुख लेखकास त्यांपैकी ७० टक्के, इतर प्रत्येकास ३० टक्के. तिघांच्या त्या निबंधावर पहिले नाव बोस यांचे आहे. तेव्हा ऑयलरचे १७७ वर्षांचे भाकीत मोडल्याबद्दल श्रीखंडे यांच्या वाट्यास मूळ गुण आले असते दोन पूर्णांक चार दशांश! नियतकालिकाच्या प्रभावांकाप्रमाणे त्यात काही भर पडली असती हे खरे. परंतु तशी भर तर सर्वांनाच पडते.

यावर हसून पुढे जाणे सोपे आहे. आम्हीही हा विनोद सहकाऱ्यांच्या खोलीत अनेकदा सांगितला आहे आणि टाळ्या घेतल्या आहेत. पण त्या दिवशी गाडीत आम्हांस हसू आले नाही. कारण श्रीखंडे यांचे ज्या कामामुळे रेषीय बीजगणिताच्या प्रत्येक अभ्यासकास स्मरण राहते, ते काम मापांविषयीच आहे: माप कोठे विश्वसनीय असते आणि कोठे फसविते, हे त्यांनी सिद्ध करून दाखविले. तेवढे समजावून घेण्यास गणिताची फार तयारी लागत नाही. वाचकांनी थोडा धीर मात्र धरावा.

अकोल्यास १९६९ मध्ये पंजाबराव देशमुखांच्या नावाचे कृषी विद्यापीठ निघाले. तेथल्यासारख्या प्रक्षेत्रावर कपाशीच्या २२ वाणांची तुलना करावयाची आहे, असे समजू. जमीन सर्वत्र सारखी नसते, म्हणून शेताचे २२ तुकडे पाडले, आणि प्रत्येक तुकड्यात ७ वाफे केले. आता न्याय व्हावयाचा तर कोणतेही दोन वाण नेमके दोनच तुकड्यांत शेजारी आले पाहिजेत. कमी नाही, अधिक नाही. वरवर हिशेब जमतो. प्रत्येक वाण सात तुकड्यांत येईल, प्रत्येक ठिकाणी त्यास सहा सोबती, म्हणजे ४२ सोबती. आणि उरलेले २१ वाण दोन-दोनदा म्हणजेही ४२. तेव्हा एखादा कष्टाळू मनुष्य कागद-पेन्सिल घेऊन मांडणी करावयास बसेल, आणि जन्मभर बसून राहील. ती मांडणी होऊच शकत नाही.

हे कसे कळते? बावीस वाणांच्या बावीस ओळी व बावीस तुकड्यांचे बावीस स्तंभ अशी सारणी मांडावी. जो वाण ज्या तुकड्यात आहे तेथे १, नाही तेथे ० लिहावे. या सारणीचा निश्चयक काहीही असला तरी पूर्णांकच असणार. पण त्याचा वर्ग किती यावा हे मांडणीच्या अटींवरूनच ठरते: पाचाला पाचाने गुणीत एकवीस पाचांचा गुणाकार करावा, आणि त्यास ४९ ने गुणावे. येथील पाच म्हणजे सातातून दोन वजा. एकवीस ही संख्या विषम, म्हणून हा गुणाकार कोणत्याही पूर्णांकाचा वर्ग होऊ शकत नाही. संपले. एकही वाफा न खणता, एकही सरकी न पेरता, कायमचा निकाल. वाणांची संख्या सम असेल तर हे वजाबाकीचे उत्तर पूर्ण वर्गच असले पाहिजे, हा नियम श्रीखंडे यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केला. त्याच सुमारास इतर काहींनीही तो स्वतंत्रपणे शोधला होता.

म्हणजे एका अंकाने 'नाही' असे निःसंशय सांगता येते. हे मापाचे सामर्थ्य, आणि ते थोडे नव्हे. मात्र तोच अंक 'आहे' असे सांगू शकत नाही. याच घराण्यातील एक प्रश्न १११ बिंदूंचा आहे. तो अशा सर्व चाळण्यांतून सहीसलामत पार पडतो, आणि तरीही तशी रचना अस्तित्वात नाही, हे लॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रचंड गणकयंत्रशोध करून १९८९ मध्ये दाखविले. चाळणीतून खाली पडले तेवढे सगळे पीठच असते असे नाही, हे घरातील बायकांना ठाऊक असते. विद्वानांना ते सिद्ध करावे लागले.

आता बावीसऐवजी सोळा वाण आणि सातऐवजी सहा वाफे घेऊ. सहातून दोन गेले, चार उरले. चार हा पूर्ण वर्ग. येथे मांडणी होते, आणि ती ज्या जाळ्यांतून निघते त्यांतच आमच्या प्रश्नाचे मर्म आहे. बुद्धिबळाच्या पटाचा चार बाय चार असा तुकडा घ्यावा, घरे सोळा. कोणत्याही घरातून हत्ती आडवा तीन घरांत आणि उभा तीन घरांत जाऊ शकतो, म्हणजे प्रत्येक घराचे शेजारी सहा. कोणतीही दोन घरे घ्या, दोघांचे समाईक शेजारी नेमके दोन. हे झाले एक जाळे. दुसऱ्या जाळ्यातही घरे तीच सोळा, पण चाल निराळी. वर, खाली, उजवीकडे, डावीकडे एकेक घर, आणि एकाच कर्णाच्या दिशेने पुढे-मागे एकेक घर. पट मात्र कडेला संपत नाही, उजव्या कडेपलीकडे पुन्हा डावी कडा येते, खालच्या कडेपलीकडे वरची. येथेही प्रत्येक घराचे शेजारी सहा, येथेही कोणत्याही दोघांचे समाईक शेजारी दोन. दोन्ही जाळ्यांच्या सारण्या मांडून त्यांची आयगेन मूल्ये काढली तर दोहोंत ६ हे एकदा, २ हे सहा वेळा, आणि उणे २ हे नऊ वेळा. तसूभर फरक नाही. आमच्या तक्त्याच्या भाषेत दोघांचीही बेरीज ६१.

तरीही ही दोन जाळी एक नव्हेत. बिंदूंची नावे कशीही बदला, एकाचे दुसरे होणार नाही. हा फरक पाहण्यासाठी फार मोठे यंत्र लागत नाही. कोणत्याही एका घरात उभे राहावे आणि आपले सहा शेजारी परस्परांचे कोण लागतात ते पाहावे. हत्तीच्या जाळ्यात त्यांचे दोन तट पडतात: आडव्या रांगेतले तिघे एकमेकांस धरून, उभ्या रांगेतले तिघे एकमेकांस धरून, आणि या तिघांचा त्या तिघांशी काही संबंध नाही. श्रीखंडे यांच्या जाळ्यात तेच सहा जण एकमेकांचे हात धरून भोवती फेर धरतात. जोडलेल्या जोड्या दोन्हीकडे सहाच. मोजणाराला दोन्हीकडे तोच आकडा मिळतो, पाहणाराला मात्र निराळे चित्र दिसते. सारणीत हे सारे होतेच. तिचा अर्क काढताना ते सांडले.

येथे एक गोष्ट न विसरता सांगितली पाहिजे, नाहीतर आमच्यावर एकांगीपणाचा आरोप येईल आणि तो खरा ठरेल. श्रीखंडे यांनी १९५९ च्या त्या निबंधात 'अंक फसवितात' एवढेच म्हणून हात झटकले नाहीत. हत्तीचा पट चार बाय चार सोडून दुसऱ्या कोणत्याही आकाराचा असेल, तर हे अंक जुळणारे जाळे हत्तीचेच असते, हे त्यांनी सिद्ध केले. अंक फसवितात ते एकाच ठिकाणी, चाराच्या पटावर. आणि तेथेही फसवणूक किती, तर दुसरे जाळे एकच आहे, तिसरे नाही, हेही त्यांनीच दाखविले. मापाची निंदा करणारे पुष्कळ आहेत, मापाची पूजा करणारे त्याहून पुष्कळ. त्याची हद्द आखून देणारा क्वचित भेटतो.

मापाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. पापळसारख्या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी १८९८ मध्ये जन्मलेल्या पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, ती ज्यांच्या घरात पूर्वी कोणी शिकले नव्हते अशा मुलांसाठी. त्या मुलांजवळ मामा-काका नव्हते, ओळखी नव्हत्या, शुद्ध बोलणेही पुष्कळदा नव्हते. त्यांच्याजवळ गुणपत्रिका होती. 'मी माणूस पाहून ओळखतो' असे म्हणणारा जाणता बहुधा आपल्यासारखाच माणूस ओळखतो. आमच्या तरुणपणी नेमणुका कशा होत हे आम्ही पाहिले आहे: उमेदवाराचे आडनाव विचारले की निम्मी मुलाखत होऊन जाई. त्या अंधारात आकडा हा दुर्बळाच्या हातातला कंदील होता. आज जो तरुण तक्त्यातील गुण जमवीत फिरतो, त्यास दोष देताना हे विसरून चालणार नाही. ज्याची निवड आम्ही केली तोही एका कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा आहे. त्याने नियम वाचला आणि नियमाप्रमाणे वागला. नियम करणारे आणि चालविणारे आम्ही.

त्या सहा निबंधांवर आम्ही रागावलो असतो, पण तो अधिकार आम्हांस नाही. काही वर्षांपूर्वी आमची बढती एका निबंधासाठी अडली होती. एका नियतकालिकाने पैसे भरल्यास पंधरा दिवसांत छापून देऊ असे कळविले. आम्ही पैसे भरले. निबंध वाईट नव्हता, असे आम्ही स्वतःस सांगत आलो. पण तो कोणी तपासला नाही आणि कोणी वाचला नाही, हे आम्हांस ठाऊक होते, आणि तसे ठाऊक असूनच आम्ही तो दिला. प्रमाणपत्र आले ते गुळगुळीत कागदावर, सोनेरी किनारीचे. आमच्या पत्नीने ते चौकटीत बसवावे काय असे विचारले. आम्ही नको म्हणालो, आणि का नको हे सांगितले नाही. ते अद्याप कपाटात आहे.

तेव्हा अकोल्यातील त्या खोलीत दोष कोणाचा? तक्त्याचा म्हणावा तर तक्त्याने आपले काम चोख केले होते: जे बसणार नव्हते त्यांना वगळून त्याने दोघे आमच्यापुढे आणून ठेवले, आणि यापुढे मला काही सांगता येत नाही, असे समान बेरीज दाखवून जणू स्पष्ट कळविले. चाराच्या पटापाशी माप थांबले होते. तेथून पुढे पाहणाराचे काम होते, आणि पाहणारा म्हणूनच प्रवासभत्ता देऊन आम्हांस बोलाविले होते. आम्ही काय केले? जे माप आधीच बोलून चुकले होते त्याचाच एक तुकडा तोडून, निबंधांची संख्या म्हणून, पुन्हा तराजूत टाकला. त्यात आम्हांस एक सोयही होती. उद्या कोणी विचारले असते तर आकड्याकडे बोट दाखविता आले असते. 'मी वाचले, मला हे खरे वाटले, म्हणून हा निवडला' असे म्हणणाऱ्यास आपल्या नजरेचा जबाब द्यावा लागतो. तीत पक्षपात असेल तर तोही उघडा पडतो. ते ओझे आम्हांस नको होते. श्रीखंडे यांच्या कामाचे मोल गाडीत आम्हांस पटले ते या ठिकाणी: अंक संपल्यावर त्यांनी सोळा बिंदू स्वतः तपासले. ज्या प्रश्नात 'अंकांवरून असे दिसते' म्हणून थांबणे सर्वांत सोपे होते, तेथे ते थांबले नाहीत.

आम्ही घरी आल्यावर संस्थेस पत्र लिहिले, की आमचे मत निबंध न वाचता दिले गेले असून ते आम्ही परत घेतो. उत्तर सभ्य आले. आदेश निघून गेला होता, आणि पुढील वर्षी विचार करू. त्यांचे चुकले असे म्हणता येत नाही. ज्यास आदेश मिळाला त्याच्यावर दुसरा अन्याय करून पहिला कसा फिटणार? दुसऱ्या उमेदवारास क्षमेचे पत्र लिहावे असे आठ दिवस मनात होते. तीनदा लिहिले, तीनदा फाडले. त्यात आमचे मन हलके होण्यापलीकडे त्याचा काय लाभ होता? अखेर त्या चार पानांविषयीच लिहिले. निबंध दोनदा वाचला, तिसऱ्या पानावरील युक्ती आवडली, आणि ती श्रीखंडे यांच्या जाळ्याऐवजी हत्तीच्या पटावर लावली तर काय होईल, असा एक प्रश्न विचारला.

महिनाभर उत्तर नव्हते. मग अकोटहून एक पाकीट आले. पेरणीमुळे उशीर झाला, क्षमा असावी, असे आरंभी लिहून त्याने कळविले आहे की, सध्या सकाळी शेत आणि संध्याकाळी बारावीच्या मुलांची शिकवणी चालू आहे. नेमणुकीविषयी एक अक्षर नाही. पत्राच्या पाठीमागे निळ्या शाईने दोन्ही जाळी काढली आहेत, रेघ न् रेघ पट्टीने, आणि खाली बारीक अक्षरांत लिहिले आहे: "सर, आपल्या प्रश्नात दुसऱ्या ओळीत एक शेजारी दोनदा मोजला गेला आहे असे वाटते. तपासून पाहावे." आम्ही तपासले. मोजला गेला आहे.